पेंग्विनवरून भांडलो, पेंग्विनसाठी कधीच नाही

पेंग्विनवर लिहितोय म्हटल्यावर अर्ध्या लोकांनी पुन्हा वर जाऊन माझं नाव बघितलं असेल, की हा आता कुठल्या पक्षात गेला. कुठल्याच नाही. पौडच्या एसटी स्टँडपाशी चहा पिऊन तालुक्याच्या बातम्या देणारा माणूस आहे मी, तिथेच आहे. पण आपल्या महाराष्ट्रात गंमत अशी झालीये, की पेंग्विन हा शब्द उच्चारला की समोरचा लगेच विचारतो, कुणाच्या बाजूने? वाघ म्हटल्यावर असं कुणी विचारत नाही. माळढोक म्हटल्यावर तर "तो काय असतो" असं विचारतात. फक्त या एका बिचाऱ्या पक्ष्याला आपण पक्ष चिकटवला.

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा.

आधी उजळणी. 26 जुलै 2016 ला दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत उतरले. मुक्काम भायखळ्याची राणीची बाग. 1862 पासूनची बाग, कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्यातली डोरी नावाची मादी ऑक्टोबरमध्ये जंतुसंसर्गाने मेली. दीड वर्षाचं पाखरू. झालं, आरोप, पत्रकार परिषदा, हायकोर्टात याचिका. मार्च 2017 मध्ये उरलेले सात लोकांना बघायला खुले झाले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचं तिकीट 5 रुपयांवरून 50 वर गेलं, त्यावरून भांडण. 15 ऑगस्ट 2018 ला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, तेव्हा पेढे वाटल्यासारख्या बातम्या झाल्या. आठवड्याभरात ते गेलं, तेव्हा पुन्हा आरोप. 2021 मध्ये देखभालीचं तीन वर्षांचं पंधरा कोटींच्या आसपासचं टेंडर निघालं, त्यावरून तर सभागृह डोक्यावर घेतलं. 2025 मध्ये नव्या पिल्लांची नावं नॉडी, टॉम, पिंगू ठेवली म्हणून मराठी नावांसाठी आंदोलन. आणि या सगळ्याच्या मागे पार्श्वसंगीतासारखं चालू असलेलं ते आदित्य ठाकरेंना पेंग्विन म्हणणं. सभेत, चॅनेलवर, तुमच्या-माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

यातले काही प्रश्न रास्त होते, हे आधी कबूल करतो. पालिकेचे पंधरा कोटी जातात तर हिशेब मागायलाच हवा. विरोधकांचं ते कामच आहे. मराठी नावं ठेवा म्हणण्यातही मला काही वावगं दिसत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. 2016 पासून एवढा आरडाओरडा झाला, त्यात पेंग्विन कुठे होता? हा पक्षी राहतो कुठे, खातो काय, जगात किती उरलेत, कशाने मरताहेत, यावर एका तरी नेत्याचं, या बाजूच्या किंवा त्या बाजूच्या, एक वाक्य तुम्हाला आठवतंय का? मला आठवत नाही. बातम्या हाच माझा धंदा आहे, तरी आठवत नाही.

आणि पत्रकारांनी काय दिवे लावले? 2023 मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूने हम्बोल्ट पेंग्विन मरायला लागले. तीन हजारांहून जास्त मेले. भायखळ्याच्या पेंग्विनांची ही सख्खी जात, म्हणून मी चारशे शब्दांची बातमी करून एका दैनिकाच्या डेस्कला पाठवली. नाव सांगत नाही, आपल्याला अजून त्या गावात राहायचंय. उत्तर आलं, "छान आहे. ठाकरेंचा काही अँगल असेल तर घेऊ." मी लिहिलं, "साहेब, तीन हजार मेलेत." त्यावर अंगठा आला. बातमी नाही आली.

म्हणून इथे लिहितोय. इथे डेस्क नाही.

मागच्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेच्या सहलीबरोबर राणीच्या बागेत गेलो होतो. सातवीची पोरं. पहाटे साडेतीनला बस निघालेली, निम्मी पोरं घाटात ओकलेली, पण काचेसमोर उभी राहिल्यावर सगळ्यांचे डोळे मोठे. पाण्यात तो पक्षी पोहत नाही हो, उडतो. आत सोळा ते अठरा अंश तापमान, बाहेर मुंबईचा घाम. कोळवण खोऱ्यातली एक मुलगी मला म्हणाली, "काका, बर्फ कुठाय?" मी म्हटलं, यांना बर्फ लागत नाही. ती म्हणाली, "मग यांचं गाव कुठंय?"

बघा, सातवीतल्या पोरीला सुचलेला प्रश्न. तो एवढ्या वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणाला सुचला नाही.

तर त्यांचं गाव सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू आणि चिली हे दोन देश आहेत. तिथला किनारा म्हणजे वाळवंट, जगातल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी. पण किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो, त्याला हम्बोल्ट प्रवाह म्हणतात. खोल समुद्रातलं खाद्य वर येतं, त्यावर अँकोव्ही नावाची बोटभर मासळी अफाट वाढते, आणि त्या मासळीवर हा पेंग्विन जगतो. गुडघ्याच्या वर जरासा, चार-पाच किलोचा पक्षी. वर कडक ऊन, पायाखाली खडक, आणि अंडी घालायला बीळ. बर्फाचा पत्ताच नाही. पेंग्विनच्या साधारण 18 जाती मानतात, त्यातल्या बऱ्याच बर्फात राहतच नाहीत. एक तर विषुववृत्तावर गॅलापागोस बेटांवर राहते. आपण मात्र शाळेच्या भिंतीवर पेंग्विन काढताना बर्फाचा डोंगर काढतोच.

आता बीळ. माझ्या शेतकरी मित्रांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं.

त्या बेटांवर पाऊस पडत नाही. लाखो समुद्रपक्ष्यांची शीट हजारो वर्षं साचत गेली. काही बेटांवर तिचे थर कित्येक मजले उंच झाले. त्याला ग्वानो म्हणतात. पेंग्विन त्या थरात बीळ कोरायचा, आत अंडी घालायचा. वर ऊन तापलं तरी आत गारवा, आणि अंडी चोरणारे पक्षी आत शिरू शकत नाहीत. मातीचं घर पुरणपोळीसारखं मऊ पण पक्कं, तसलं काहीतरी. मग एकोणिसाव्या शतकात युरोपला कळलं की हे जगातलं सगळ्यात जोरकस खत आहे. आपण भाताला कोंबडीखत टाकतो ना, तसं तिकडच्या शेतांना पेरूच्या पक्ष्यांचं खत. 1840 नंतर जहाजांच्या रांगा लागल्या. चीनमधून करारावर मजूर आणून अक्षरशः गुलामासारखे राबवले. 1864 मध्ये स्पेनने ती चिंचा बेटंच ताब्यात घेतली आणि त्यावरून युद्ध झालं. पक्ष्याच्या शिटीवरून युद्ध, हसू नका. पेरूचं सरकार कित्येक वर्षं या खताच्या पैशावर चाललं. तीस-चाळीस वर्षांत थर खरवडून खडक उघडा पाडला.

पेंग्विन मारायला कुणी गेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. कुणाचा त्याच्यावर राग नव्हता. फक्त तो ज्या मातीत घर करत होता ती माती विकली गेली. बीळ करायला जागा नाही म्हटल्यावर तो उघड्यावर, कपारीत, झुडपाखाली अंडी घालायला लागला. ऊन लागतं, अंडी पळवली जातात, कधी पाऊस आलाच तर घरटं वाहून जातं. 2009 च्या अखेरीस पेरूने ही बेटं आणि भूशिरं मिळून राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर केलं, आता तिथे खत देखरेखीखाली काढतात. पण जो थर साचायला हजारो वर्षं लागली तो एका सरकारी जाहीरनाम्याने परत येत नाही.

घर असं गेलं. ताटाचं सांगतो. पेरूची ती अँकोव्ही मासळी म्हणजे एकाच जातीच्या मासळीची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी. 1970 मध्ये एका वर्षात एक कोटी वीस लाख टनांच्या वर काढली, आणि दोन-तीन वर्षांत सगळं कोसळलं. आता पुन्हा चालू आहे, नियम आहेत, कोटे आहेत. पण ती मासळी माणसाच्या ताटात फारशी जात नाही. ती दळली जाते. मासळीची भुकटी आणि तेल. जगभरच्या मत्स्यशेतीत, डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती जाते. पेंग्विनच्या तोंडचा घास काढून कुठल्या तरी देशातल्या तळ्यातल्या माशाला घातला जातो. त्यात दर काही वर्षांनी एल निनो येतो. आपल्याकडे एल निनो म्हटलं की पावसाची काळजी सुरू होते. तिकडे समुद्र तापतो, मासळी खोल जाते किंवा दूर जाते, आणि पिल्लं उपाशी मरतात. 1982-83 आणि 1997-98 या दोन एल निनोंनी हम्बोल्ट पेंग्विनचं कंबरडं मोडलं होतं. पूर्वीही एल निनो यायचाच, पक्षी सावरायचे. पण आधीच घर गेलेलं, ताट अर्धं, त्यात कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून बुडणारे वेगळे, आणि वरून बर्ड फ्लू. सावरायला जागा कुठे राहिली? आज जगात या जातीचे प्रौढ पक्षी साधारण 24 हजार उरलेत असा अंदाज आहे. पौड आणि पिरंगुटची माणसं मोजली तर त्याच्या जवळपास जाऊ.

बर्ड फ्लूचं आपल्याला नवल नको. 2006 मध्ये देशात पहिल्यांदा तो आपल्या नवापूरलाच आला होता. लाखो कोंबड्या पुरल्या. आपल्या तालुक्यातही ज्यांच्या शेड आहेत त्यांना तेव्हाचा भाव विचारा. कोंबड्यांच्या गर्दीत वाढलेला हा आजार रानपक्ष्यांमार्फत फिरत फिरत चिलीच्या किनाऱ्यापर्यंत पोचला.

सगळेच पेंग्विन मरायला टेकलेत असं नाही, उगाच रडगाणं गाणार नाही. जेंटू नावाची जात अंटार्क्टिकाच्या काही भागात वाढतेय. पण निम्म्याच्या आसपास जाती धोक्याच्या यादीत आहेत. दक्षिण आफ्रिकेचा पेंग्विन ऑक्टोबर 2024 मध्ये "अतिसंकटग्रस्त" या शेवटच्या पायरीवर गेला, त्याच्या दहा हजारांहून कमी जोड्या उरल्यात. शंभर वर्षांपूर्वी तो लाखांत होता. त्याची गोष्टही तीच, ग्वानो खरवडला, अंडी गोळा करून खाल्ली, मग तारली आणि अँकोव्ही उपसली. तारली म्हणजे आपलीच तारली, बाजारात मिळते तिची बहीण. दूर दक्षिणेला तर आणखी वेगळं. 2022 च्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ वेळेआधी फुटला आणि सम्राट पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नाहीत. त्यांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आत पायाखालचा बर्फ गेला. नोव्हेंबरमध्ये इकडे आपल्याला थंडी पडत नाही म्हणून कुरकुर करतो, त्याच महिन्यात हे चाललं होतं.

आता मूळ मुद्दा. त्या देशांत माणसं कशी भांडली ते बघा, आणि आपण कसे भांडलो ते बघा.

चिलीत ला इगेरा नावाचा गरीब मुलूख आहे. तिथे डोमिंगा नावाचा लोखंड-तांब्याच्या खाणीचा आणि बंदराचा प्रकल्प आला. अब्जावधी डॉलरचा. समोरच समुद्रात हम्बोल्ट पेंग्विनची बेटं, 1990 पासून राखीव. जगातल्या या जातीच्या पेंग्विनांचा मोठा हिस्सा त्याच भागात पिल्लं घालतो. गाव दुभंगलं. बरेच लोक म्हणाले, रोजगार येतोय, पेंग्विन काय घेऊन बसलात. पुंता दे चोरोसचे कोळी म्हणाले, जहाजं आली तर आमचा समुद्र जाईल. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत बसल्यासारखं. ऑगस्ट 2017 मध्ये मंत्र्यांच्या समितीने प्रकल्प नाकारला. त्यावरून मंत्रिमंडळात एवढी फाटली की अर्थमंत्री रोद्रिगो वाल्देस यांनी राजीनामा दिला, अर्थव्यवस्था खात्याचे मंत्रीही गेले. नंतर कोर्टात गेलं, निर्णय फिरला, पुन्हा नाकारला, पुन्हा कोर्ट. जानेवारी 2025 मध्ये मंत्र्यांच्या समितीने परत एकदा नाही म्हटलं.

कोण बरोबर, कोण चूक ते बाजूला ठेवा. ज्याच्या हाताला काम नाही त्याने खाण मागितली तर मी त्याला शहाणपण शिकवणार नाही. पण भांडण कशावर होतं बघा. पक्ष्याचं गाव राहणार की जाणार, यावर. त्या भांडणात अर्थमंत्र्याची खुर्ची गेली. आपल्याकडे पेंग्विनच्या भांडणात फक्त विनोद झाले.

दक्षिण आफ्रिकेत पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्था थेट मंत्र्यालाच कोर्टात घेऊन गेल्या. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली, सहा वसाहतींच्या भोवती तारली आणि अँकोव्हीची व्यापारी मासेमारी दहा वर्षं बंद. त्या सहांत रॉबेन बेट आहे, जिथे मंडेलांना अठरा वर्षं डांबलं होतं. मासेमारी कंपन्याही त्या तडजोडीत सामील झाल्या. त्याच देशात जून 2000 मध्ये ट्रेझर नावाचं जहाज बुडालं आणि तेल पसरलं, तेव्हा हजारो स्वयंसेवकांनी जवळजवळ एकोणीस हजार पेंग्विन हाताने धुतले. जे तेलात माखले नव्हते असे तेवढेच पकडून दूर पूर्वेच्या किनाऱ्यावर सोडले. कारण साधं, ते पोहत घरी परत येईपर्यंत इकडचा समुद्र साफ व्हावा. आणि ते आलेही परत, शेकडो किलोमीटर पोहून. त्या पक्ष्याला घर म्हणजे काय ते कळतं.

भायखळ्यातल्या कर्मचाऱ्यांना, डॉक्टरांना मी दोष देत नाही. आठाचे सात झालेले पेंग्विन 2025 पर्यंत 21 झाले, ते काही आपोआप झाले नाहीत. परक्या हवेत, परक्या मासळीवर ते पक्षी पिल्लं वाढवताहेत म्हणजे कुणीतरी रात्री जागलंय. 2018 चं ते पहिलं पिल्लू यकृताच्या दोषाने गेलं, त्यावरही त्या माणसांना शिव्या घातल्या गेल्या, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

पण 21 झाले म्हणून पेंग्विन वाचले, असं जे सांगितलं जातं ते मात्र पटत नाही. भायखळ्यात जन्मलेलं पिल्लू पेरूच्या बेटावर परत जाणार नाही. त्याचं नातवंडंही काचेतच जाणार. तुळशी वृंदावनात लावली म्हणून रान वाचत नाही. प्राणीसंग्रहालयाचा एकच खरा उपयोग, बघणाऱ्याच्या मनात त्या प्राण्याच्या मुलखाबद्दल काहीतरी पेरणं. तिकिटाच्या प्रत्येक 50 रुपयांतला एक रुपया त्या बेटांवर काम करणाऱ्यांना गेला असता, तर मी म्हणालो असतो की मुंबईने पेंग्विनसाठी काही केलं. ही मागणी एवढ्या वर्षांत कुठल्या पक्षाने केली? देखभालीचे पंधरा कोटी जास्त की कमी यावर तास न् तास बोलले. त्या पक्ष्याच्या घरासाठी शून्य का, हे कुणी विचारलं नाही. आणि नावं! नॉडी ठेवा नाही तर नारायण ठेवा, त्याला खायला मासळीच लागणार आहे.

आता कुणीतरी म्हणेल, पौडात बसून चिलीच्या पेंग्विनची काळजी कशाला करतोस, आपलं बघ. अहो, तेच तर बघतोय.

आपल्या ताम्हिणीला 2013 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. शेकरू आहे तिथे, राज्यप्राणी. आपल्या पोरांना शेकरूचं घरटं दाखवायला मी एकही सहल गेलेली पाहिली नाही. ताम्हिणी पौडपासून तासाभरावर, भायखळ्याला पाच तास. शेकरू जमिनीवर फारसा उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. दोन झाडांमधलं अंतर वाढलं की त्याचा रस्ता तुटतो. त्याच्यावरही कुणाचा राग नाही. कुणी त्याला मारायला जात नाही. फक्त प्लॉटिंग होतं, रस्ता रुंद होतो, फार्महाउसला "व्ह्यू" लागतो. मुरमाचे डंपर रात्री कसे जातात ते पौड रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. डोंगराचा पोटभाग खरवडून पिवळा पडलेला रोज दिसतो आपल्याला, आणि मला ते ग्वानो खरवडलेल्या बेटांचे जुने फोटो आठवतात. मजूर, टोपल्या, उतारावर पाडलेल्या पायऱ्या. फरक एवढाच की आपल्याकडे टोपलीऐवजी पोकलेन आहे.

या तालुक्याला घर बुडणं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. 1921 मध्ये धरणाच्या विरोधात आपल्या आजे-पणज्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं बुडाली ती बुडालीच. तेव्हाही मुंबईला वीज हवी होती. मुंबईची हौस आणि मुळशीची जागा, हा जुना व्यवहार आहे. त्या लढ्याच्या वारसांनी तरी "राहण्याची जागा" हा शब्द ऐकल्यावर कान टवकारायला हवेत, मग ती माणसाची असो की पाखराची.

पण आपल्याला सवय लागलीये. प्राणी काचेत असला, तिकीट असलं, फोटो काढता आला की त्यावर वाद घालायचा. प्राणी रानात असला की तो महसूल खात्याचा विषय. पेंग्विनचं जे केलं तेच बिबट्याचं. बिबट्या गावात आला की चॅनेलची गाडी येते. त्याचं रान कुणी विकलं हे विचारायला गाडी येत नाही. वाघनखांवरून, चित्त्यांवरून, हत्तिणीवरून, सगळीकडे तेच. आपण प्राण्यावरून भांडतो. त्याच्या जमिनीचा सातबारा कुणी बघत नाही.

मला कमेंटमध्ये काय येणार ते माहितीये. "पेंग्विनप्रेमी पत्रकार" म्हणून एक बाजू चिडवेल. दुसरी बाजू "हा बघा, आपल्या प्रकल्पावर टीका करतोय" म्हणेल. दोघांनाही विनंती, आधी एवढंच सांगा, हम्बोल्ट पेंग्विन कुठल्या दोन देशांत राहतो? वर लिहिलंय. न बघता सांगा.

आता कामाचं. डिसेंबर-जानेवारीत तालुक्यातल्या शाळांच्या सहली निघतील आणि त्यातल्या बऱ्याच राणीच्या बागेत जाणार, जाऊ द्या. पोरांनी पेंग्विन बघावाच, तो पक्षी बघण्यासारखाच आहे. मी दोन-तीन मुख्याध्यापकांशी बोललोय. जाण्याआधी वर्गात एक तास या पक्ष्याच्या मुलखावर घ्यायचा, नकाशा लावून. त्यासाठी मी येईन, मानधन नको, चहा पुरे. आल्यावर पोरांनी महापालिका आयुक्तांना मराठीत पत्र लिहायचं, की तिकिटाच्या पैशातला थोडा हिस्सा या पक्ष्याच्या मूळ घरासाठी द्या आणि दिलेला आकडा दारावर लावा. एक शाळा म्हणाली, पत्राने काय होणार. होईल न होईल, शंभर शाळांची पत्रं आली तर ती नोंदवावी तरी लागतील. आणि त्याच सहलीच्या वर्षात एक दिवस ताम्हिणीला. सकाळी लवकर, शांत, वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन, वडापावचे कागद परत आणायच्या बोलीवर. शेकरू दिसेलच असं नाही, पण घरटी दाखवता येतात, आणि कुठल्या टेकडीवरचं रान आता राहिलं नाही तेही दाखवता येतं. ज्या शिक्षकांना हे जमण्यासारखं वाटतंय त्यांनी शाळेचं नाव आणि सहलीची तारीख इनबॉक्सला टाका. भूगावपासून मालेपर्यंत कुठेही येतो. पत्राचा मसुदा उद्या सकाळी याच भिंतीवर टाकतो, त्यात कुठल्याही नेत्याचं नाव नसेल, तेव्हा कुठल्याही गटातल्या सरांनी बिनधास्त प्रिंट काढावी.